‘का?’ याचं उत्तर पॅचसोबतच पाठव

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या एका गावातली, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा एक सीनियर म्हणाला की लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक जरी पॅच (कोडमधला बदल) गेला तरी प्लेसमेंटला वजन पडतं. म्हणून मी सुट्टीत स्टेजिंग विभागातल्या (अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या) एका ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडवर, चेकपॅच (शैलीतल्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट) चालवलं आणि त्याने दाखवलेल्या तीन गोष्टी दुरुस्त केल्या. जास्तीच्या रिकाम्या ओळी काढल्या, एका व्हेरिएबलचं नाव बदललं आणि थोडा वेळ थांबण्यासाठीच्या ‘यूडिले’च्या जागी ‘यूस्लीप-रेंज’ घातलं. जीमेलमध्ये पेस्ट करून पाठवून दिलं. लगेच एका बॉटचं उत्तर आलं : पॅच मोडलेला आहे, एकाच पॅचमध्ये अनेक कामं केली आहेत, बदल कशासाठी ते लिहिलेलं नाही. मग मी गिट सेंड-ईमेल (पॅच मेलने पाठवायची कमांड) शिकले आणि तोच पॅच पुन्हा पाठवला. त्यावर एका माणसाने दोनच ओळी लिहिल्या : ‘हे फंक्शन अ‍ॅटॉमिक कॉन्टेक्स्टमधून बोलावलं जातं का? तुझ्याकडे हे हार्डवेअर आहे का?’ ना नमस्कार, ना आभार. मी काही उत्तर दिलं नाही. काय लिहावं तेच सुचलं नाही आणि माझं इंग्रजीही बेताचंच आहे. मित्र म्हणतो, एआयकडून उत्तर लिहून घे. या गोष्टीला तीन आठवडे झाले. घरी मी आधीच सांगून बसले होते की माझं नाव लिनक्समध्ये येणार; पप्पा रोज विचारतात. आमच्यासारख्या कॉलेजच्या मुलांना ते लोक दारातच उभं करत नाहीत का? सोडून देऊ का?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर :

सोडू नकोस. आणि बाकी काही करायच्या आधी त्या दोन ओळींना उत्तर दे. तुझ्या पत्रात तीन आठवड्यांच्या शांततेबद्दल जे वाईट वाटणं आहे, ते मी समजू शकते, पण जरा नीट बघ : शेवटचा निरोप त्यांचा आहे. त्यांनी विचारलं आणि तू गप्प राहिलीस. तिकडचा माणूस असंच समजून बसला असणार की या मुलीने पॅच सोडून दिला. अशा सोडून दिलेल्या पॅचचा ढीग प्रत्येक मेन्टेनरकडे (कोडचा एखादा भाग सांभाळणाऱ्याकडे) असतो आणि त्यामागे लागायला कोणालाही वेळ नसतो.

तुला ते दोन प्रश्न तुसडे वाटले. मला ते वाचून बरं वाटलं. ज्याने ते विचारले त्याने तुझा पॅच खरोखर उघडून वाचला आणि त्यातल्या तीन बदलांपैकी नेमक्या धोकादायक बदलावर बोट ठेवलं. नमस्कार-चमत्कार त्या मंडळींत फारसे नसतात. एकमेकांशीही ते असंच बोलतात. बॉटबद्दलही मनात काही धरू नकोस. ग्रेग क्रोआ-हार्टमन स्टेजिंगचे पॅच बघतात आणि त्यांच्याकडे त्याच त्या चुका इतक्या वेळा येतात की ठरलेली उत्तरं देण्यासाठी त्यांनी हा बॉट ठेवला आहे. हे उत्तर जगभरातल्या हजारो नवख्यांना आलेलं आहे. एक मात्र सांगते : बॉटने तुला तीन दोष दाखवले होते. त्यातला एकच, मेलमध्ये पॅच मोडण्याचा, तू दुरुस्त केलास. उरलेले दोन तसेच ठेवून पॅच परत पाठवलास. पुढचं सगळं त्या दोघांबद्दलच आहे.

आधी तो पहिला प्रश्न घेऊ, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. यूडिले आणि यूस्लीप-रेंज दोन्ही मायक्रोसेकंदांत थांबवतात, म्हणून ती एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं. पण यूडिले थांबतं तेव्हा प्रोसेसर जागच्या जागी फिरत राहतो, दुसरं काही करत नाही. यूस्लीप-रेंज झोपतं, म्हणजे शेड्यूलरला सांगतं की मी बाजूला होतो, तोवर दुसऱ्याला चालव. साधारण १० मायक्रोसेकंदांच्या वर थांबायचं असेल तर झोपणं चांगलं, म्हणून चेकपॅच तसं सुचवतं. मात्र चेकपॅच ही एक पर्ल भाषेतली स्क्रिप्ट आहे. ती ओळ वाचते, त्या ओळीपर्यंत कोण कुठून आलं ते तिला दिसत नाही. समजा तेच फंक्शन इंटरप्ट हँडलरमधून (हार्डवेअरने हाक दिली की लगेच चालणाऱ्या कोडमधून) बोलावलं जात असेल, किंवा बोलावणाऱ्याने आधी स्पिनलॉक (इतरांना जागीच थांबवून ठेवणारं कुलूप) धरून ठेवला असेल, तर त्या अवस्थेला अ‍ॅटॉमिक कॉन्टेक्स्ट म्हणतात आणि तिथे झोपायला सक्त मनाई आहे. झोपलं तर कर्नल ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ असा आरडाओरडा करतो आणि नशीब वाईट असेल तर मशीन जागच्या जागी गोठतं. म्हणजे ज्या बदलाला तू साफसफाई समजलीस, त्याने एखाद्याचं चालतं मशीन बंद पडू शकतं. अ‍ॅटॉमिक कॉन्टेक्स्टबद्दल विचारलं ते यासाठी. आणि हार्डवेअरबद्दल विचारलं कारण कोड वाचून जे कळत नाही ते चिप लावून चालवल्यावर एका मिनिटात कळतं.

आता याचं उत्तर शोधायचं कसं? त्या फंक्शनचं नाव घेऊन सगळ्या ड्रायव्हरमध्ये ग्रेप कर, म्हणजे ते नाव कुठे कुठे आहे ते शोध. त्याला कोण बोलावतं, त्या बोलावणाऱ्याला कोण बोलावतं, असं एकेक पायरी वर चढत जा. वाटेत कुठे ‘स्पिन-लॉक-आयआरक्यूसेव्ह’ दिसतो का, एखादी वाट ‘रिक्वेस्ट-आयआरक्यू’ने नोंदवलेल्या हँडलरपाशी पोचते का, ते बघ. सगळ्या वाटा प्रोब फंक्शनपाशी (हार्डवेअर सापडल्यावर ड्रायव्हर सुरू करणाऱ्या फंक्शनपाशी) पोचत असतील आणि मधे कुठेही लॉक नसेल तर बदल सुरक्षित आहे. कागदावर बाण काढत हे केलंस तर तासाभराचं काम आहे. एवढं केलंस की तो ड्रायव्हर तू आतून पाहिलेला असतो. नुसतं चेकपॅच चालवून ते होत नाही.

उत्तर जे निघेल ते सरळ लिहून टाक. सुरक्षित असेल तर लिही : ‘हे फंक्शन फक्त प्रोबमधून बोलावलं जातं, तिथे कोणताही लॉक धरलेला नसतो. माझ्याकडे हार्डवेअर नाही, मी फक्त कंपाइल करून पाहिलं आहे.’ सुरक्षित नसेल तर : ‘बरोबर आहे, हे इंटरप्ट हँडलरमधून बोलावलं जातं. पुढच्या आवृत्तीत हा बदल काढून टाकते.’ दोन्ही उत्तरं सारखीच चांगली आहेत. दुसऱ्या उत्तराने तुझी किंमत कमी होत नाही. उलट ही मुलगी विचारलेलं तपासते आणि खरं सांगते, हे तिकडच्याला कळतं. माझं स्वतःचं मत विचारशील तर हार्डवेअर हाताशी नसताना वेळेशी खेळणारा बदल नव्या माणसाने करूच नये. उत्तर सुरक्षित निघालं तरी तो बदल सध्या बाजूला ठेव.

मेन्टेनर इतके चिकित्सक का असतात, हे एकदा मनात बसलं की त्यांच्या आखूड मेलांचा त्रास होत नाही. पॅच देणं म्हणजे कोणाच्या दावणीला जनावर बांधून येण्यासारखं आहे. देणाऱ्याचं काम त्या दिवशी संपतं, चारापाणी पुढची कित्येक वर्षं घेणाऱ्याला करावं लागतं. कर्नल आता सुमारे ४ कोटी ओळींचा झाला आहे. दर ९ ते १० आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत १० हजारांहून जास्त बदल असतात. यातली एखादी ओळ तीन वर्षांनी बिघडली तर तोवर तू नोकरीत असशील, तुझा मेलचा पत्ताही बदललेला असेल; दुरुस्ती करायला जागेवर असेल तो मेन्टेनर. म्हणून तो आत घेण्याआधीच विचारून घेतो.

न विचारल्यावर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत, ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री हार्टबीट नावाच्या सोयीचा एक पॅच आत गेला. पलीकडून आलेल्या संदेशात जी लांबी लिहिलेली असते ती खरी आहे का, हे तपासणं त्यात राहून गेलं होतं. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं, तपासणाऱ्याच्याही सुटलं. एप्रिल २०१४ मध्ये ते ‘हार्टब्लीड’ या नावाने उघडकीला आलं, तोवर दोन वर्षांहून जास्त काळ जगभरच्या सर्व्हरांच्या मेमरीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या वाचता येत होत्या. वाईट हेतूचा प्रकार आणखी वेगळा. एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या छोट्या प्रकल्पात कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगले पॅच देत विश्वास कमावला, दमलेल्या एकट्या मेन्टेनरवर दबाव येत राहिला, या माणसाला मेन्टेनरचे अधिकार मिळाले आणि मग त्यानेच चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चौकसपणामुळे. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो मागे लागला. अशा जगात तुला दोन प्रश्न विचारले गेले, हे त्या प्रकल्पाचं आरोग्य चांगलं असल्याचं लक्षण आहे.

आता कमिट मेसेजबद्दल, म्हणजे नोंदवलेल्या बदलासोबत (कमिटसोबत) जोडलेल्या टिपणाबद्दल. पॅचमधला हाच भाग नवखी मुलं सगळ्यात घाईने लिहितात आणि मेन्टेनर सगळ्यात आधी वाचतात. तू पाठवलेला पॅच मी पाहिलेला नाही, पण ‘कारण लिहिलेलं नाही’ असं बॉट म्हणतो म्हणजे त्यात बहुधा ‘चेकपॅचच्या वॉर्निंग दुरुस्त केल्या’ एवढंच असणार. काय बदललं ते तर डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच. वाचणाऱ्याला हवं असतं ते हे, की आधी काय अडत होतं, कोणाला अडत होतं आणि हाच उपाय का. मेसेज इंग्रजीतच लिहायचा आहे, पण त्याचा ढंग कळावा म्हणून मराठीत लिहून दाखवते. व्हेरिएबलच्या नावाचंच घे (कॅमलकेस म्हणजे शब्द जोडून त्यांची पहिली अक्षरं मोठी लिहिणं) :

‘या फाइलमध्ये रजिस्टरच्या पत्त्याला एका ठिकाणी कॅमलकेसमध्ये नाव दिलं आहे आणि बाकी सगळीकडे अंडरस्कोअर घालून. एकाच गोष्टीची दोन नावं असल्याने शोधताना एक जागा सुटते. कर्नलच्या शैलीप्रमाणे सगळीकडे एकच नाव ठेव. कोडच्या वागण्यात बदल नाही.’

चारच वाक्यं, पण यात अडचण आली, उपाय आला आणि शेवटच्या वाक्यात वाचणाऱ्याला दिलासा आला की तपासायला काही लपलेलं नाही. ‘ठेव’ हे आज्ञार्थी रूप मुद्दाम आहे. कर्नलमध्ये मेसेज तसाच लिहायची रीत आहे, जणू आपण कोडला हुकूम देतोय. ‘या पॅचमध्ये मी असं असं केलं आहे’ असं लिहायचं नाही. मजकुराच्या ओळी ७५ अक्षरांच्या आत मोडायच्या. विषयाच्या ओळीत आधी विभागाचं आणि ड्रायव्हरचं नाव, मग काम. ते कसं लिहायचं याची शंका असेल तर त्याच फाइलचा गिट लॉग काढ. आधीच्या वीस-पंचवीस लोकांनी विषय कसे लिहिलेत ते समोर येईल, तसंच लिही. एखादा जुना बग दुरुस्त करत असशील तर तो ज्या कमिटने आला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं आणि त्याचा विषय ‘फिक्सेस’ या शब्दापुढे द्यायचा, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळतं की ही दुरुस्ती त्यांनाही हवी.

एका पॅचमध्ये एकच काम का, याचं कारण गिट बायसेक्टमध्ये आहे. कर्नल बिघडला की शोधणारा माणूस हजारो कमिटांना निम्म्या-निम्म्याने कापत नेमक्या एका कमिटपाशी येऊन पोचतो. तिथे त्याला रिकाम्या ओळी, नाव बदलणं आणि थांबण्याची पद्धत असं सगळं एकत्र कालवलेलं मिळालं तर त्याचा शोध तिथेच अडतो. म्हणून दोन पॅचची मालिका कर : पहिल्यात रिकाम्या ओळी, दुसऱ्यात नाव. पहिला लावून, दुसरा न लावता कर्नल कंपाइल होतो ना, तेही बघ. प्रत्येक पायरीवर बांधकाम उभं राहिलं पाहिजे, नाहीतर बायसेक्ट करणाऱ्याची वाट मधेच तुटते.

पाठवण्याच्या तांत्रिक बाजूवर फार लिहीत नाही, गिट सेंड-ईमेल तू शिकलीच आहेस. जीमेलचं वेबपान टॅबच्या जागी स्पेस घालतं आणि लांब ओळी आपल्या मनाने मोडतं, म्हणून तिथून पॅच कधीच नको. जीमेलचा पत्ता वापरायला हरकत नाही, अ‍ॅप पासवर्ड काढून सेंड-ईमेलमध्ये घातला की चालतो. दर वेळी पॅच आधी स्वतःलाच पाठव आणि आलेला मेल गिट एएमने ताज्या कर्नलवर लावून बघ. लागला तर जगालाही लागेल. कोणाला पाठवायचं ते गेट-मेन्टेनर ही स्क्रिप्ट सांगते. ती काढून देते ती सगळी नावं ठेव, मनाने गाळू नकोस. आणि तिसऱ्यांदा पाठवताना विषयात ‘व्ही ३’ हवं, तर तीन आडव्या रेघांच्या खाली, आधीच्या दोन आवृत्त्यांपेक्षा काय बदललं ते हवं : व्ही ३ मध्ये दोन पॅच वेगळे केले, थांबण्याचा बदल काढला; व्ही २ गिट सेंड-ईमेलने पाठवला, मजकूर तोच. त्या रेघांखालचं लिखाण कर्नलच्या इतिहासात जात नाही, फक्त तपासणाऱ्यासाठी असतं. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे.

आता इंग्रजी. तुझं पत्र वाचून मला वाटतं की तुला भाषेची नाही, सुराची भीती आहे. आपल्याकडे कॉलेजात अर्ज लिहायची जी सवय लागते, ‘रिस्पेक्टेड सर’, ‘आय अ‍ॅम व्हेरी सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स’, ती तिकडे उपयोगाची नाही. कर्नल लिहिणाऱ्यांत जर्मन आहेत, चिनी आहेत, ब्राझिलियन आहेत. लिनक्स सुरू करणारे स्वतः लायनस टॉरवाल्ड्स फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक घरातले. मोडकं पण नेमकं इंग्रजी तिथे रोज चालतं. वयाने कितीही मोठा असला तरी पहिल्या नावाने हाक मार, त्यात उद्धटपणा नाही. त्यांचा प्रश्न मेलमध्ये तसाच ठेव आणि त्याच्या लगेच खाली तुझं उत्तर लिही. सगळं उत्तर वर आणि जुना मेल खाली लोंबता, असं नको. प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं पाहिजे. पटलं नाही तर ‘मला असं वाटतं, कारण अमुक फाइलमध्ये अमुक आहे’ असं सांग. माफी मागायची काही गरज नाही. शेवटी एकदा आभार मान, पुरे.

मित्राचा एआयचा सल्ला मात्र मी स्पष्ट नाकारते. व्याकरण तपासून घ्यायला कोणाचीही मदत घे. पण ‘हे अ‍ॅटॉमिक कॉन्टेक्स्टमधून बोलावलं जातं का’ याचं उत्तर यंत्राने ठोकून दिलं आणि तू ते तसंच पुढे ढकललंस, तर समोरचा पुढचा प्रश्न विचारेल आणि तेव्हा तुझ्याकडे काहीच नसेल. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या प्रोग्रामचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की यंत्राने लिहिलेल्या, दिसायला भारदस्त पण आतून पोकळ सुरक्षा-तक्रारी तपासण्यात त्यांच्या प्रकल्पाचा किती वेळ वाया जातो. अशा रांगेत तुझा मेल जायला नको. शिवाय पॅचच्या खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून तुझं नाव आहे. ती ओळ शोभेची नाही. एससीओ या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा ठोकला की आमचा कोड लिनक्समध्ये घातलात. त्या वादानंतर, २००४ मध्ये, प्रत्येक पॅचवर सही घ्यायची पद्धत सुरू झाली. हा कोड द्यायचा मला हक्क आहे आणि हा कोड सर्वांपुढे कायम राहील हे मला मान्य आहे, असं तू त्या ओळीने लिहून देतेस. सही माणसाची असते आणि उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच माणसाची.

आमच्यासारख्या कॉलेजच्या मुलांना उभं करत नाहीत का, असं तू विचारलंस. हा प्रश्न मी टाळणार नाही. पॅचवर कॉलेजचं नाव नसतं; प्रत्येक आवृत्तीत दोनशेहून जास्त लोक आयुष्यातला पहिला पॅच देतात आणि त्यात आपल्या देशातले पुष्कळ असतात. स्टेजिंग हा विभाग २००८ पासून आहे आणि नवख्यांनी हात साफ करावा म्हणून तिथे मुद्दाम सोपी कामं मोकळी सोडली जातात. पूर्वी पॅच जातात त्या मेल-यादीवरची भाषा खरोखर बोचरी असे. सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही दिवस सुट्टी घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. तेव्हापासून फरक पडला आहे.

पण आपल्या बाजूचंही एक सांगितलं पाहिजे, कारण त्याचे चटके तुझ्यासारख्या प्रामाणिक मुलींना बसतात. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त प्रकल्पांना हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात, चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशा विनंत्या) दिल्या की टी-शर्ट मिळायचा. रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घालून पुल रिक्वेस्ट कशी द्यायची हे दाखवणारा एक व्हिडिओ आपल्याकडे फिरला आणि जगभरच्या मेन्टेनरांवर असल्या निरर्थक बदलांचा पाऊस पडला. महिना सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पाला हवं असेल त्यानेच सहभागी व्हायचं. शिकवणाऱ्यांनी मुलांना ‘नाव कसं लावायचं’ ते शिकवलं, ‘काम कसं करायचं’ ते शिकवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्या सीनियरचा सल्लाही थोडा त्याच वळणाचा आहे. मुलाखतीत कोणी जाणकार असेल तर तो तुझा पॅच उघडेल आणि विचारेल, ‘हे का केलंस?’ तिथे रिकाम्या ओळींवर फार बोलता येणार नाही. अ‍ॅटॉमिक कॉन्टेक्स्टचा शोध कसा घेतलास, यावर अर्धा तास बोलता येईल. त्यासाठी पॅच स्वीकारला गेलेला असणंही आवश्यक नाही.

हे दोन छोटे पॅच जाऊ देत, ते सराव म्हणून ठीक आहेत. त्यानंतर मात्र चेकपॅचच्या यादीतून काम उचलू नकोस. जे तुला स्वतःला अडतंय ते धर. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय झोपेतून उठल्यावर बंद पडतं का? ते हार्डवेअर तुझ्या हातात आहे, मेन्टेनरच्या हातात नाही. दुसऱ्या कोणी त्या ड्रायव्हरसाठी पाठवलेला पॅच तुझ्या मशीनवर लावून बघितलास आणि ‘माझ्याकडे अमुक मॉडेल आहे, त्यावर चालतो’ असं कळवलंस, तर ‘टेस्टेड-बाय’ म्हणून तुझं नाव त्या कमिटमध्ये जातं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींत तर रीतच आहे की जो पॅच देतो त्याने दुसऱ्याचा पॅच तपासूनही द्यावा. दुसऱ्यांचे पॅच वाचण्याने जेवढं शिकायला मिळतं तेवढं कशानेच मिळत नाही, हे मी अनुभवावरून सांगते.

आणि कर्नलच हवा असंही नाही. मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल असं काम भरपूर पडलं आहे. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिला. काही फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे अ‍ॅप्लिकेशनने हार्फबझला, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीला, सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. अनेकदा ती एक गोष्ट सांगायची राहून जाते आणि पडद्यावर हिंदी ‘ल’ येतो. हेलसिंकीत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाच्या हे ध्यानातही येणार नाही. तुझ्या एका नजरेत येईल. अशा बगचा पॅच पाठवशील तेव्हा ‘का?’ याचं उत्तर तुझ्याइतकं चांगलं कोणालाच देता येणार नाही. लिब्रेऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाकडे तर ‘ईझी हॅक्स’ नावाची नवख्यांसाठी कामांची यादीच असते. तिथे पॅच गेरिट या तपासणीच्या वेबसाइटवर जातो, मेलची भानगड नाही.

पप्पांना खरं ते सांग : पाठवलाय, त्यांनी प्रश्न विचारलेत, मी उत्तर शोधतेय. त्यांना पॅच म्हणजे काय ते एकदा समजावून सांग, म्हणजे रोजचा प्रश्न वेगळा होईल.

उत्तराचा मेल आज-उद्या जाऊ दे. मालिका मात्र दोन-तीन दिवस थांबून पाठव, म्हणजे त्यावर त्यांना काही म्हणायचं असेल तर ते आधी येईल. पाठवण्यापूर्वी मर्ज विंडो (जमलेले बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) चालू आहे का ते बघ; नवी आवृत्ती निघाल्यानंतरचे दोन आठवडे मेन्टेनर त्यातच बुडालेले असतात आणि बाहेरच्या नव्या पॅचकडे बघायला त्यांना सवड नसते. आरसी-१ (पुढच्या आवृत्तीचं पहिलं चाचणी-रूप) निघालं की पाठव. कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलं आहे की उत्तराला साधारण दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि आठवण करून द्यायची तर निदान एक आठवडा जाऊ द्यावा. तोवर उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली एका ओळीत विचार. नवा मेल सुरू करू नकोस.